सखाराम गणेश पंडित : एकट्याची सुटका आणि सर्वांचा हक्क

कोडोलीतल्या आमच्या कार्यालयात मध्यंतरी एक बौद्ध जोडपे आले होते. मुलगा संगणक अभियंता, अमेरिकेत नोकरीला. कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी, म्हणजे ग्रीन कार्डासाठी, तो वर्षानुवर्षे रांगेत उभा आहे. नोकरी गेली तर रांगेतला नंबरही जाईल आणि तिथे जन्मलेल्या नातीला घेऊन परत यावे लागेल, या काळजीने दोघांची झोप उडालेली. वडिलांनी कोणाकडून तरी ऐकले होते, की तिकडच्या संसदेत एखाद्या खासदाराने मनावर घेतले तर एकाच माणसाच्या नावाने कायदा होतो आणि तो माणूस मोकळा होतो. हे खरे का, आणि खरे असेल तर कोणाला भेटायचे, असा त्यांचा प्रश्न होता.

आम्ही पन्हाळा तालुक्यातले वकील. आमचा रोजचा संबंध सात-बारा, पोटगी, जातपडताळणी आणि अॅट्रॉसिटीच्या खटल्यांशी. अमेरिकेचा कायदा सांगणे हा आमचा धंदा नव्हे. पण प्रश्न साधा नव्हता. एका माणसासाठी कायदा वाकवावा की नाही, आणि वाकवलाच तर तो कोणासाठी वाकतो, हा प्रश्न आपल्या समाजाच्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. म्हणून आज त्या निमित्ताने एका माणसाचे चरित्र वाचकांपुढे ठेवत आहोत. अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या इतिहासात हे नाव ठळक आहे. आपल्याकडे मात्र ते फारसे कोणी घेत नाही. हे नाव आहे सखाराम गणेश पंडित.

आधी त्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर देऊ. होय, त्यांनी ऐकले ते खरे आहे. अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, दोन तऱ्हेचे कायदे होतात. एक सर्वांना लागू होणारा आणि दुसरा खासगी. खासगी कायद्याच्या शीर्षकातच अमुक व्यक्तीला दिलासा देण्यासाठी असे लिहून त्या व्यक्तीचे नाव घातलेले असते. सर्वसाधारण कायद्याने ज्याला देशात राहता येत नाही, त्याच्यापुरता तो कायदा बाजूला ठेवायचा, असा त्याचा अर्थ. त्यासाठी एखाद्या लोकप्रतिनिधीने विधेयक मांडावे लागते, समितीने ते तपासावे लागते, दोन्ही सभागृहांनी मंजूर करावे लागते आणि राष्ट्राध्यक्षांची सही व्हावी लागते. एका माणसासाठी कायद्याचा सगळा गाडा हलवावा लागतो. तो कोणासाठी हलला आणि कोणासाठी जागचा हलला नाही, हे पंडितांच्या चरित्रातून फार स्पष्ट दिसते.

सखाराम गणेश पंडित यांचा जन्म १८७५ साली तेव्हाच्या मुंबई इलाख्यात एका ब्राह्मण कुटुंबात झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते अमेरिकेत गेले. हिंदी तत्त्वज्ञानावर व्याख्याने देणे हा त्यांचा सुरुवातीचा व्यवसाय. पूर्वेकडून आलेला विद्वान म्हणून गोऱ्या श्रोत्यांत त्यांना मान मिळत होता. पुढे ते कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसला स्थायिक झाले.

त्या काळी तिकडे गेलेल्या सगळ्याच हिंदी लोकांच्या वाट्याला असा मान येत नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे. गेलेल्यांत बहुसंख्य होते ते पंजाबातले शेतकरी आणि माजी सैनिक. ते लाकडाच्या गिरण्यांत, रेल्वेच्या रुळांवर आणि शेतात राबत होते. सप्टेंबर १९०७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम या गावी गोऱ्यांच्या जमावाने अशा शेकडो मजुरांना त्यांच्या खोल्यांतून ओढून काढले आणि गावाबाहेर हाकलले. व्याख्यान देणारा पंडित आणि लाकूड उचलणारा मजूर, दोघेही त्या देशाच्या कागदोपत्री हिंदूच होते. पण एकासाठी सभागृहाचे दार उघडत होते आणि दुसऱ्याला गावाची वेस दाखवली जात होती.

अमेरिकेत नागरिकत्व कोणाला मिळणार, हे १७९० च्या कायद्याने ठरले होते. परदेशातून आलेला माणूस स्वतंत्र आणि गोरा असेल तरच तो नागरिक होऊ शकत होता. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही तो हक्क मिळाला. मधले सगळे, म्हणजे चिनी, जपानी, हिंदी, बाहेरच राहिले. मग या मधल्यांनी काय केले? आम्हालाही माणूस म्हणून हक्क द्या, असे म्हणण्याऐवजी आम्ही गोरेच आहोत, असे म्हणत त्यांच्यातले काही जण कोर्टात गेले. मुंबईचे पारशी गृहस्थ भिकाजी बलसारा यांना १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने गोरे ठरवून नागरिकत्व कायम केले. १९१३ मध्ये अक्षयकुमार मजुमदार या बंगाली धर्मोपदेशकाला वॉशिंग्टन राज्यात नागरिकत्व मिळाले. ते कोणत्या आधाराने? उच्चवर्णीय हिंदू हा आर्य वंशाचा असतो आणि आर्य म्हणजे गोरा, या आधाराने. पंडितांनीही हाच मार्ग धरला. सरकारी अधिकाऱ्याने हरकत घेतली, कोर्टाने दोन्ही बाजू ऐकल्या आणि मे १९१४ मध्ये सखाराम गणेश पंडित अमेरिकेचे नागरिक झाले.

वाचकहो, इथे थोडे थांबू या. आपल्याकडे ज्या जातीच्या दाखल्यावर देवळाचा गाभारा, पाणवठा आणि पाठशाळा ताब्यात ठेवली होती, तोच दाखला सातासमुद्रापलीकडच्या कोर्टात नागरिकत्वासाठी सादर झाला होता आणि तो चाललाही होता.

याच दिवसांत त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कमध्ये, एक महार तरुण अभ्यास करीत होता. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन जुलै १९१३ मध्ये भीमराव रामजी आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले होते. पंडित नागरिक झाले त्यानंतर दोन वर्षांनी, ९ मे १९१६ रोजी, त्यांनी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर निबंध वाचला. जात वंशातून किंवा रक्तातून येत नाही, जातीबाहेर लग्न न करण्याच्या बंधनातून ती जन्मते आणि टिकते, हे त्यांनी त्या निबंधात दाखवून दिले. एकाच देशात, एकाच काळात दोन हिंदी माणसे जातीविषयी बोलत होती. एक जण तिचे प्रमाणपत्र काढून दाखवत होता आणि दुसरा तिचे मूळ शोधत होता. पंडितांचे आयुष्य समजून घ्यायचे तर या दोन चित्रांना शेजारी ठेवूनच समजून घ्यावे लागते.

फेब्रुवारी १९१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार झुगारून काँग्रेसने नवा कायदा केला. नकाशावर आशियाचा एक भलामोठा पट्टा आखून त्या पट्ट्यातल्या मजुराला अमेरिकेचे दार बंद करण्यात आले. भारत त्या पट्ट्यात होता. विद्यार्थी, प्राध्यापक, वकील, धर्मोपदेशक अशा काहींना सूट होती. म्हणजे इथेही अपवाद होताच, आणि तो कोणासाठी होता हे सांगायला नको. ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या पोथी आणि लेखणी होती, ते त्या अपवादात बसत होते. ज्यांच्या हाती कुदळ होती, ते बसत नव्हते. गंमत अशी, की याच काळात आमच्या कोडोलीत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे लोक येऊन राहिले होते. त्यांना इथे येताना कोणी वंश विचारला नव्हता, आणि त्यांच्या कामाबद्दल कोडोलीकरांची तक्रारही नव्हती. पण कोडोलीच्या शेतमजुराला त्यांच्या देशाचे दार त्या कायद्याने बंद केले होते.

पंडितांवर या कायद्याचा परिणाम झाला नाही. ते आधीच नागरिक झाले होते. १९१७ मध्येच ते कॅलिफोर्नियात वकील झाले. १९२० मध्ये लिलियन स्ट्रिंगर या गोऱ्या अमेरिकन स्त्रीशी त्यांनी विवाह केला. घर घेतले, संसार मांडला. आणि मग १९२३ साल उजाडले.

भगतसिंग थिंड हे अमृतसर जिल्ह्यातले शीख. १९१३ मध्ये अमेरिकेत गेले, लाकडाच्या गिरणीत राबले, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात भरती झाले. डिसेंबर १९१८ मध्ये त्यांना नागरिकत्व मिळाले आणि चारच दिवसांत काढून घेतले गेले. ओरेगॉनमध्ये त्यांनी पुन्हा अर्ज केला. १९२० मध्ये नागरिकत्व पुन्हा मिळाले, तेव्हा सरकार अपिलात गेले आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. थिंड यांच्या वकिलांच्या चमूत सखाराम गणेश पंडित होते.

थिंड यांच्या वतीने जो लेखी युक्तिवाद सादर झाला, तो वाचताना आज आमच्यासारख्या बौद्ध वकिलाच्या अंगावर काटा येतो. उच्चवर्णीय हिंदू हा शुद्ध आर्य आहे आणि जातीच्या बंधनांनी त्याचे रक्त शुद्ध राहिले आहे, असे त्यात मांडलेले होते. एवढ्यावर तो थांबला नव्हता. लग्नसंबंधांच्या बाबतीत गोरा अमेरिकन काळ्या माणसाकडे जसा पाहतो, तसाच उच्चवर्णीय हिंदू आपल्या देशातल्या मूळ रहिवाशांकडे पाहतो, असेही त्यात सांगितले होते. म्हणजे आम्हीही तुमच्यासारखेच आहोत आणि तुमच्यासारखेच दुसऱ्याला दूर ठेवतो, एवढ्यासाठी आम्हाला तुमच्या पंक्तीला बसवा! दुसऱ्याला तुच्छ लेखणे हीच ज्याची पात्रता, त्याने समतेच्या न्यायालयात कोणत्या तोंडाने उभे राहायचे? आणि ते न्यायालय तरी कोठे समतेचे होते?

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी निकाल दिला. हे सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले, लहानपणी अमेरिकेत आलेले. तीनच महिन्यांपूर्वी त्यांनीच ओझावा या जपानी गृहस्थाचा अर्ज फेटाळला होता. तेव्हा त्यांनी सांगितले होते, की गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा आणि जपानी त्या वंशाचा नाही. आता हिंदी माणूस शास्त्राच्या पुस्तकात कॉकेशियन ठरतो म्हटल्यावर त्यांनी पुस्तकच बाजूला ठेवले. शास्त्र काही म्हणो, रस्त्यावरचा सामान्य गोरा माणूस हिंदी माणसाला गोरा समजत नाही, म्हणून तो गोरा नाही, असा निकाल लागला. ज्याला आपल्याला बाहेर ठेवायचे आहे, तो दर वेळी नवी कसोटी काढतो. दलित समाजाला हे कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. शिकला नाही म्हणून नाकारले, आणि शिकला तर गुणवत्ता नाही म्हणून नाकारले, हे आपण पाहतच आलो आहोत. त्या दिवशी तो अनुभव प्रथमच उच्चवर्णीयांच्या वाट्याला आला, इतकेच.

निकालाचे परिणाम भयंकर झाले. ज्यांना पूर्वी नागरिकत्व मिळाले होते, त्यांनाही सरकारने ते काढून घेण्यासाठी कोर्टात खेचले. मजुमदारांचे नागरिकत्व गेले, इतर कित्येकांचे गेले. नागरिक होण्यास अपात्र परकीयाला कॅलिफोर्नियाच्या कायद्याने जमीन बाळगता येत नव्हती, म्हणून जमिनी धोक्यात आल्या. १९२२ च्या एका कायद्याने अशा अपात्र पुरुषाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्रीसुद्धा आपले नागरिकत्व गमावत होती. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई यांची कहाणी तर काळीज पिळवटणारी आहे. १९१५ मध्ये पत्नी कला आणि तीन मुलांना घेऊन ते अमेरिकेत आले होते, ते इंग्रजांच्या गुलामीला कंटाळून. नागरिकत्व मिळाले आणि थिंड निकालानंतर गेले. भारतात नातेवाइकांना भेटायला जाण्यासाठी अमेरिकन पासपोर्ट मागितला, तो नाकारला गेला. इंग्रजांचे प्रजाजन व्हायला ते तयार नव्हते. मार्च १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मरण्यापूर्वी लिहिलेले त्यांचे पत्र तिथल्या वर्तमानपत्रात छापून आले.

पंडितांनाही नोटीस आली. पण पंडित वकील होते आणि आपला खटला ते स्वतः जाणत होते. इथे त्यांच्या आयुष्याला वळण लागते, आणि त्यांना न्याय द्यायचा तर ते नीट सांगितले पाहिजे. या वेळी त्यांनी आर्य वंशाचा आधार घेतला नाही. घेऊन उपयोगही नव्हता. त्यांनी वेगळा मुद्दा काढला. १९१४ मध्ये सरकारने हरकत घेतली होती, ती ऐकून कोर्टाने निकाल दिला होता आणि सरकारने त्यावर अपील केले नव्हते. एकदा निकाली निघालेला वाद पुन्हा उकरून काढता येत नाही. आपल्याकडे प्रत्येक दिवाणी वकील रेस ज्युडिकेटा म्हणून जे तत्त्व सांगतो, तेच हे. दुसरे असे, की सरकारने दिलेल्या नागरिकत्वावर विसंबून त्यांनी आयुष्य उभारले होते. इंग्रजांचे प्रजाजनत्व सुटले होते, वकिली सुरू झाली होती, लग्न झाले होते. आता नागरिकत्व काढले तर ते कोणत्याच देशाचे राहणार नव्हते, त्यांचा व्यवसाय जाणार होता आणि पत्नीलाही झळ बसणार होती. इतक्या वर्षांनी सरकारने शब्द फिरवणे अन्यायाचे होते.

कोर्टाने हे मान्य केले. १९२६ मध्ये अपील न्यायालयानेही पंडितांच्या बाजूने निकाल दिला आणि मार्च १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे ऐकण्यास नकार दिला. सखाराम गणेश पंडित नागरिक राहिले. एवढेच नव्हे, तर त्यानंतर सरकारने अशा प्रकारचे उरलेले दावे सोडून दिले आणि ज्यांची पाळी अजून आली नव्हती ते हिंदी लोक वाचले.

यातून काय निष्पन्न होते? ज्या खटल्यात जातीचा आणि रक्ताचा दाखला पुढे केला, तो खटला हरला आणि त्याच्याबरोबर सगळेच बुडाले. ज्या खटल्यात राज्याने शब्द पाळावा, माणसाला देशहीन करू नये, अशी कोणत्याही माणसाला करता येण्याजोगी मागणी केली, तो खटला जिंकला आणि इतर काही जणही तरले. स्वतःपुरते लढतानाही मुद्दा सर्वांना लागू पडणारा असेल, तर त्याची सावली दुसऱ्यावर पडते. पंडितांच्या हे ध्यानात आले होते की नाही, हा भाग वेगळा. त्यांच्या आयुष्याने मात्र ते सिद्ध केले आहे.

याच सुमारास संसदेचा मार्गही चोखाळून झाला होता. डिसेंबर १९२६ मध्ये अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढे एका ठरावाची सुनावणी झाली. ज्या साठसत्तर हिंदी लोकांना पूर्वी नागरिकत्व मिळाले होते, तेवढ्यांचे नागरिकत्व कायम करावे, असा तो ठराव होता. पुढच्यांसाठी दार उघडावे, असे त्यात नव्हते. मूठभर माणसांपुरती सूट मागितली होती, आणि तीही मिळाली नाही. संसदेने अपवाद केला तो पुढे १९३५ मध्ये. पहिल्या महायुद्धात अमेरिकेसाठी लढलेल्या आशियाई सैनिकांना त्या वर्षीच्या कायद्याने नागरिकत्व देऊ केले. त्या कायद्यामुळे १९३६ मध्ये भगतसिंग थिंड तिसऱ्यांदा आणि कायमचे नागरिक झाले. म्हणजे आर्य रक्ताने जे मिळाले नाही, ते अंगावर घातलेल्या गणवेशाने मिळाले. पण गणवेश न घातलेला मजूर जिथे होता तिथेच राहिला.

सर्वांसाठी कायदा झाला तो २ जुलै १९४६ रोजी. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सही केलेल्या त्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला आणि वर्षाला १०० जणांना प्रवेशाची मुभा मिळाली. शंभर म्हणजे सगळ्या देशातून अवघे शंभर! तरीही तो हक्क होता, मेहरबानी नव्हती. कला बगाई त्यानंतर नागरिक झाल्या. १९२० मध्ये विद्यार्थी म्हणून गेलेले आणि पुढे शेती करणारे दलीपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये थेट अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहावर निवडून आले. पंडितांनी हे सगळे पाहिले. १९५९ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मृत्यूच्या आधीच्या आणि नंतरच्या काही दशकांत खासगी कायद्यांना अमेरिकेत ऊत आला होता. एकेका काँग्रेसच्या कारकिर्दीत असे शेकडो कायदे होत. त्यातून काही खऱ्या गरजूंचे भले झाले, यात शंका नाही. पण ज्याची ओळख त्याचे काम, हा बाजारही तिथे शिरला. १९८० मध्ये उघडकीस आलेल्या अॅबस्कॅम प्रकरणात, तोतया शेखासाठी असे खासगी विधेयक मांडण्याचे आश्वासन देऊन पैसे घेतल्याचे आरोप काही लोकप्रतिनिधींवर झाले आणि ते दोषी ठरले. आज असे कायदे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होतात. या मेहरबानीची दुसरी बाजूही आहे. केनियात जन्मलेल्या भारतीय वंशाच्या जगदीश राय चढ्ढा यांची हद्दपारी अधिकाऱ्यांनी रीतसर थांबवली होती. १९७५ मध्ये प्रतिनिधीगृहाने ३४० जणांच्या यादीतून सहा नावे निवडून त्यांची सवलत रद्द केली. त्यात चढ्ढा होते. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धतच घटनाबाह्य ठरवली. नाव घेऊन देणाऱ्या हाताला नाव घेऊन काढून घेताही येते, हा याचा धडा.

आता आपल्या देशाकडे वळू. ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत नागरिकत्वाच्या कलमांवर चर्चा झाली तेव्हा ती मांडण्याची जबाबदारी बाबासाहेबांवर होती. फाळणीने लाखो माणसे इकडची तिकडे झालेली. पाकिस्तानात जाऊन पुनर्वसनाच्या परवान्यावर परत आलेल्यांसाठी सातव्या कलमात अपवाद ठेवला गेला आणि त्यावर सभागृहात बरेच वादळ उठले. पण तो अपवाद कोणाच्या नावाने नव्हता, धर्माने तर नव्हताच. परवाना आणि परत येणे, ही अट सर्वांना सारखी होती. अपवाद करावा लागला तर तो कसा करावा, याचा हा वस्तुपाठ आहे.

१९५५ च्या नागरिकत्व कायद्यातही विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा मानवी प्रगतीसाठी विशेष सेवा करणाऱ्याला नेहमीच्या अटींतून सूट देण्याची तरतूद आहे. परक्या देशात जन्मलेल्या माणसांना आपण आपले मानले, याची उदाहरणे आंबेडकरी चळवळीला नवी नाहीत. डॉ. गेल ऑम्व्हेट अमेरिकेत जन्मल्या, वारणेच्या पलीकडे कासेगावला सून म्हणून आल्या आणि १९८३ मध्ये भारताच्या नागरिक झाल्या. जपानहून आलेले भदंत सुरेई ससाई यांच्यावर व्हिसाची मुदत संपली म्हणून देशाबाहेर जाण्याची वेळ आली होती. त्यांच्यासाठी आंबेडकरी जनता उभी राहिली आणि १९८७ मध्ये ते भारताचे नागरिक झाले. आम्ही तेव्हा आनंद मानला, आजही मानतो. म्हणून अपवाद मुळातच वाईट, असे आम्ही म्हणणार नाही.

आमच्या कोल्हापूरच्या मातीत याहून मोठे उदाहरण आहे. ज्या वेळी अस्पृश्याला कोर्टाच्या पायरीवर उभे राहणे कठीण होते, त्या वेळी राजर्षी शाहू महाराजांनी नेहमीचे नियम बाजूला ठेवून अस्पृश्य समाजातल्या माणसांना वकिलीच्या सनदा दिल्या. तो अपवादच होता, आणि नावे घेऊन केलेला होता. पण त्या सनदा म्हणजे त्या माणसांची वैयक्तिक सुटका नव्हती. त्यांच्यामागून येणाऱ्या पिढीने कोर्टात यावे, म्हणून टाकलेले ते पाऊल होते. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत याच महाराजांनी बाबासाहेबांचे नेतृत्व समाजापुढे आणले. आज कोडोलीसारख्या गावात बौद्ध माणूस काळा कोट घालून बसतो, तो त्या अपवादाच्या जोरावर.

तेव्हा अपवाद दोन तऱ्हेचे असतात, असे आमचे मत आहे. एक जो दार उघडून देतो आणि दुसरा जो आत शिरताच आपल्यामागे दार लावून घेतो. थिंड खटल्यातला जातीचा युक्तिवाद दुसऱ्या तऱ्हेचा होता. आम्हाला घ्या आणि त्यांना ठेवा बाहेर, असे तो सांगत होता. ही मनोवृत्ती मेलेली नाही. अमेरिकेत गेलेल्यांच्या सामानातून जातही गेली. म्हणूनच फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअॅटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला, आणि कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेले तसेच विधेयक ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या राज्यपालांनी सही न करता परत पाठवले.

आणि आपल्या घरातले काय? २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने तीन शेजारी देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना सवलत दिली. मार्च २०२४ मध्ये त्याचे नियमही आले. त्या सहा धर्मांच्या यादीत बौद्धांचे नाव आहे, मुसलमानांचे नाही. काही समाजबांधव आम्हाला विचारतात, आपले नाव आहे ना, मग तुम्हाला बोलायचे कारण काय? आमचे उत्तर असे, की आपले नाव आहे म्हणूनच बोलले पाहिजे. छळ सोसून आलेल्याला आसरा मिळावा, यात दुमत नाही. पण आसरा देताना त्याचा धर्म विचारायचा असेल, तर उद्या जातही विचारली जाईल. ज्यांच्या नावाने यादी सुरू होते ते गप्प बसले, तर ज्यांची नावे यादीत नाहीत त्यांनी कोणाच्या तोंडाकडे पाहायचे? संविधानाच्या चौदाव्या कलमाने समता दिली आहे ती व्यक्तीला, केवळ नागरिकालाही नव्हे. भारताच्या भूमीवर उभा असलेला प्रत्येक माणूस त्यात येतो.

सखाराम गणेश पंडित हे वाईट गृहस्थ होते, असे आमचे म्हणणे नाही. परक्या देशात, एका बलाढ्य सरकारविरुद्ध ते एकट्याने लढले आणि जिंकले. त्यांचा तो दुसरा खटला आजही कोणत्याही वकिलाने अभ्यासावा असा आहे. पण त्यांच्या आयुष्यातून जातीच्या दाखल्याचा मोह वजा केला असता, तर ते हिंदी मजुराचेही वकील झाले असते. ते होऊ शकले नाहीत.

त्या जोडप्याला आम्ही काय सांगितले, ते सांगून थांबतो. खासगी कायद्याची वाट खरी आहे, पण ती लाखात एकाला सापडते, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नका. मुलाची कागदपत्रे तिथल्या चांगल्या वकिलाला दाखवा. आणि त्याला हेही कळवा, की कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक परवाने न देण्याच्या नियमामुळे ही रांग इतकी लांब झाली आहे. तो नियम बदलावा म्हणून तिथे जे लोक संघटित होऊन झगडत आहेत, त्यांच्यात जाऊन उभा राहा. वडील थोडे हिरमुसले. आईने मात्र विचारले, की त्या झगडणाऱ्या लोकांत आपली माणसे आहेत का? आम्ही म्हणालो, तुमचा मुलगा गेला की असतील.